कणभौतिकीतील प्राथमिक सांख्यिकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेची खुली विदा (डेटा) घेऊन एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक आणि वर्तमानपत्रात 'पाच सिग्मा' वाचून कुतूहल वाटलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रयोगशाळेत सर्रास 'सिग्नल' आणि 'बॅकग्राउंड' म्हणतात, त्यांना येथे 'संकेत' आणि 'पार्श्वभूमी' म्हटले आहे, तर हिस्टोग्रामच्या 'बिन'ला 'कप्पा'. शोधकाने (डिटेक्टरने) नोंदवलेली एक टक्कर किंवा विघटन म्हणजे 'घटना'. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उपकरण पुरेसे अचूक असेल, तर कणभौतिकीत सांख्यिकीची गरजच का पडावी?

येथील यदृच्छा मुळात निसर्गाची आहे. उपकरण कितीही सुधारले तरी ती जात नाही. एखादा म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अस्थिर कण) नेमका केव्हा विघटित होईल हे पुंज सिद्धांत सांगत नाही; त्याचे सरासरी आयुर्मान सुमारे २.२ मायक्रोसेकंद आहे, एवढेच सांगतो. दुसरे असे की, आपल्याला हवी असलेली प्रक्रिया आणि नको असलेली प्रक्रिया शोधकात बहुधा सारखीच दिसते. हिग्ज बोसॉन हजारांत साधारण दोन वेळाच दोन फोटॉनांमध्ये विघटित होतो, आणि तसेच दोन फोटॉन हिग्जचा काहीही संबंध नसलेल्या प्रक्रियांतूनही फार मोठ्या संख्येने निघतात. त्यामुळे एखाद्या घटनेवर बोट ठेवून 'हा हिग्ज' असे म्हणता येत नाही. विशिष्ट वस्तुमानाजवळ अपेक्षेपेक्षा किती घटना जास्त मिळाल्या, एवढेच विचारता येते.

२. १०० घटना मोजल्या की त्रुटी १० लिहितात. हे वर्गमूळ कोठून आले?

घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि त्यांचा सरासरी दर स्थिर असेल, तर ठरावीक काळात मिळणारी संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे बदलते. या वितरणाचे प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) त्याच्या सरासरीइतकेच असते, म्हणून प्रमाण विचलन हे सरासरीचे वर्गमूळ होते. १९१० साली रदरफर्ड आणि गायगर यांनी अल्फा कण साडेसात सेकंदांच्या २,६०८ कालखंडांत मोजले, तेव्हा प्रत्येक कालखंडाची सरासरी ३.८७ आली. या सरासरीनुसार सुमारे ५४ कालखंड पूर्ण रिकामे जायला हवे होते. प्रत्यक्षात ५७ गेले. वर्गात शिकवण्यासाठी याहून सुंदर उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

येथे भाषेची एक ढिलाई मात्र खटकते. मोजलेल्या १०० या संख्येत त्रुटी काहीच नाही, त्या घटना १००च आहेत. अनिश्चितता आहे ती त्या संख्येमागील खऱ्या सरासरीबद्दल. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचा प्रश्न पडणारच नाही.

३. एखाद्या कप्प्यात शून्य घटना आल्या, तर त्रुटीही शून्य धरायची का?

धरू नये. शून्याचे वर्गमूळ शून्य येते, परंतु त्यावरून खरी सरासरी शून्य आहे असे ठरत नाही. सरासरी २.३ असली, तरी दहापैकी एका वेळी हाती शून्यच येते. सरासरी ३ असली, तर विसांपैकी एका वेळी. म्हणून शून्य घटना आणि नगण्य पार्श्वभूमी असताना ९० टक्के विश्वासपातळीवरील वरची मर्यादा २.३ आणि ९५ टक्के पातळीवरील मर्यादा ३ अशी सांगतात.

प्रोटॉनच्या विघटनाचा शोध हे या शून्याच्या ताकदीचे उत्तम उदाहरण होय. जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात साडेचार लाख टन-वर्षे (पाण्याचे टन गुणिले निरीक्षणाची वर्षे) इतका पाण्याचा संचय होता. पाण्याच्या प्रत्येक रेणूत १० प्रोटॉन असल्याने हा हिशेब १.५ गुणिले १० चा ३५ वा घात इतक्या प्रोटॉन-वर्षांवर जातो. पॉझिट्रॉन आणि पायॉन देणारे विघटन ओळखण्याची कार्यक्षमता सुमारे ४० टक्के धरली आणि २.३ ने भागले, तर आयुर्मानाची खालची मर्यादा २.६ गुणिले १० चा ३४ वा घात वर्षे येते. एकही घटना न मिळालेल्या त्या प्रयोगाने जाहीर केलेली मर्यादा २.४ गुणिले १० चा ३४ वा घात वर्षे होती. एका कागदावर मावणाऱ्या गणिताने आपण तिच्या इतके जवळ जातो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि जपानी सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच विघटनाचा शोध घेतला होता आणि काही संभाव्य घटना जाहीरही केल्या होत्या. नंतरच्या मोठ्या शोधकांना मात्र तसे काही आढळले नाही.

पार्श्वभूमी नगण्य नसेल, तेव्हाचे उत्तर प्रश्न ११ मध्ये आहे.

४. १०० पैकी ९० कण शोधकाने ओळखले. कार्यक्षमतेवरील त्रुटी ९० च्या वर्गमुळावरून काढू का?

काढू नका. येथे एकूण संख्या १०० अशी ठरलेली आहे आणि प्रत्येक कण 'ओळखला' किंवा 'हुकला' एवढ्या दोनच शक्यता आहेत. म्हणून द्विपद वितरण लागू होते आणि त्रुटी ३ टक्के येते, साडेनऊ टक्के नव्हे. १०० पैकी १०० ओळखले, तर हे सूत्रही शून्य त्रुटी देते आणि आपण पुन्हा प्रश्न ३ च्या दारात उभे राहतो. तेव्हा ९५ टक्के विश्वासपातळीवर कार्यक्षमता ९७ टक्क्यांहून अधिक आहे, असे म्हणावे.

५. पी-मूल्य आणि सिग्मा यांचा नेमका संबंध काय?

नवे काहीही नाही, सगळी केवळ पार्श्वभूमीच आहे, असे गृहीत धरले असता आपल्याला मिळाली तितकी किंवा त्याहून टोकाची विदा मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. शून्यांची लांबलचक रांग लिहिण्याऐवजी, सामान्य वितरणाच्या एका शेपटीत तेवढेच क्षेत्र सोडण्यासाठी मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर जावे लागेल, तो आकडा सिग्मामध्ये सांगतात. त्यानुसार २ सिग्मा म्हणजे सुमारे २.३ टक्के, ३ सिग्मा म्हणजे साधारण ७४० मध्ये १ आणि ५ सिग्मा म्हणजे सुमारे ३५ लाखांत १. पाठ्यपुस्तकातील ६८ आणि ९५ टक्क्यांचे आकडे दोन्ही बाजू धरून असतात, तर शोधाच्या दाव्यात जादा घटनांचीच एक बाजू मोजतात. दोन आकडे जुळत नाहीत अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ येथे असते.

६. 'पाच सिग्मा, म्हणजे शोध खरा असण्याची शक्यता ९९.९९९९७ टक्के' असे बातमीत वाचले. ते बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक अनेक शहाणीसुरती माणसेही करतात. पाऊस पडला तर अंगण ओले होते, हे खरे. परंतु अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडलाच असे होत नाही, कारण पहाटे कोणी सडाही घातलेला असू शकतो. पी-मूल्य 'केवळ पार्श्वभूमी असेल तर अशी विदा किती दुर्मीळ' हे सांगते. 'अशी विदा मिळाली आहे, तर केवळ पार्श्वभूमी असण्याची शक्यता किती' हा प्रश्न निराळा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी नवा कण असण्याची पूर्वसंभाव्यता, म्हणजे विदा पाहण्याआधीचा अंदाज, आधी मांडावी लागते (प्रश्न १२ पाहावा). शिवाय पी-मूल्याच्या गणितात उपकरणाविषयीची आपली समजूत बरोबर आहे, हे आधीच धरलेले असते. ती समजूत चुकल्यास काय होते, ते प्रश्न ९ मध्ये दिले आहे.

७. मग मर्यादा ५ सिग्माचीच का? ३ सिग्मा, म्हणजे ७४० मध्ये १, हे पुरेसे का नाही?

हा आकडा कोणत्याही प्रमेयातून आलेला नाही. ठेचा खाल्ल्यानंतर रूढ झालेला तो प्रघात आहे. १९७६ साली अमेरिकेतील फर्मीलॅबमधील लिऑन लेडरमन यांच्या गटाला ६ जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचे एकक) इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचा पुंजका दिसला. निव्वळ योगायोगाने असा पुंजका दिसण्याची शक्यता ५० मध्ये १ इतकीच आहे असा अंदाज बांधून गटाने त्याला 'अप्सिलॉन' हे नावही सुचवले. अधिक विदा आल्यावर तो पुंजका विरून गेला आणि लेडरमन यांच्या नावावर कोटी करून लोक त्याला 'ऊप्स-लिऑन' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी त्याच गटाला ९.५ जीईव्हीजवळ खरा कण सापडला आणि तेच नाव त्याला मिळाले.

आजच्या प्रघातानुसार ३ सिग्माला 'पुरावा' आणि ५ सिग्माला 'शोध' म्हणतात. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या हिग्जच्या शोधाचे निबंध प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्नच्या दोन प्रयोगांपैकी अ‍ॅटलासने ५.९ आणि सीएमएसने ५.० सिग्मा नोंदवले. टीआयएफआरसह काही भारतीय संस्था सीएमएसमध्ये सहभागी आहेत. माझ्या मते सर्व दाव्यांना एकच मर्यादा लावणे फारसे तर्कशुद्ध नाही. सिद्धांताने आधीच वर्तवलेल्या विघटनासाठी ४ सिग्मा मला पुरेसे वाटतील; प्रकाशाहून वेगवान कणासाठी ६ देखील पुरले नाहीत.

८. 'स्थानिक' आणि 'व्यापक' सार्थकता यांत काय फरक आहे?

सार्थकता म्हणजे जादा घटना किती सिग्माच्या आहेत, तो आकडा. एकाच ठरावीक वस्तुमानाजवळ पाहिले असते, तर जे पी-मूल्य आले असते, त्याला स्थानिक म्हणतात. प्रत्यक्षात आपण लांबलचक वर्णपटावर (कोणत्या वस्तुमानाला किती घटना, या आलेखावर) कोठेही उंचवटा दिसतो का, हे पाहत असतो. १०० स्वतंत्र ठिकाणी पाहिले, तर त्यांपैकी किमान एका ठिकाणी केवळ योगायोगाने ३ सिग्माचा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे १२.६ टक्के, म्हणजे आठांत एक असते. ही दुरुस्ती करून येणारी सार्थकता ती व्यापक.

डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलासला ७५० जीईव्हीजवळ दोन फोटॉनांच्या वर्णपटात ३.६ सिग्माचा स्थानिक उंचवटा दिसला; व्यापक सार्थकता २.० सिग्मा होती. सीएमएसलाही त्याच भागात लहानसा उंचवटा दिसल्याने उत्साह वाढला आणि सिद्धांतकारांनी काही महिन्यांत शेकडो निबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये नवी विदा मांडली गेली, तेव्हा उंचवटा शिल्लक नव्हता. सांख्यिकीची येथे काहीच चूक झाली नव्हती, २.० हा आकडा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या समोर होता.

किती ठिकाणी पाहिले, हे मोजताना केवळ एका आलेखाचे कप्पे मोजून भागत नाही. आपण करून पाहिलेल्या आणि मग टाकून दिलेल्या निवडीही त्यात धराव्या लागतात. तो हिशेब कोणीच नीट ठेवत नाही. त्यावरचा उपाय प्रश्न १४ मध्ये आहे.

९. पद्धतशीर त्रुटी विदा वाढवल्याने कमी का होत नाही?

सांख्यिकीय त्रुटी विदेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ती निम्मी करायची, तर चौपट विदा लागते. परंतु काटाच पाच ग्रॅमने चुकलेला असेल, तर हजार वेळा वजन करूनही ते पाच ग्रॅम तसेच राहतात. समजा, १०० घटनांची पार्श्वभूमी अपेक्षित होती आणि १३० मिळाल्या. पार्श्वभूमी अचूक माहीत असेल, तर हा ३ सिग्माचा फरक आहे. पार्श्वभूमीवरच १० टक्के अनिश्चितता असेल, तर तिच्या १० घटना आणि प्वासाँच्या १० घटना वर्गांच्या बेरजेने जोडून एकूण १४ होतात आणि सार्थकता २.१ वर उतरते.

सर्वांत बोलका धडा सप्टेंबर २०११ चा आहे. सर्नहून निघून सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतील ग्रान सासो येथे पोहोचणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येतात, असे ऑपेरा प्रयोगाने सुमारे ६ सिग्माच्या बळावर मांडले. पुढे मुख्य कारण सापडले ते नीट न बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीचे. त्या ६ सिग्मांमध्ये पद्धतशीर त्रुटीचा अंदाजही धरलेला होता. मात्र ज्या दोषाची कल्पनाच नव्हती, तो अंदाजात येणार कसा?

१०. संकेत भागिले पार्श्वभूमीचे वर्गमूळ, हे सूत्र नेहमी चालते का?

पार्श्वभूमी मोठी आणि नीट माहीत असेल, तर चालते. पार्श्वभूमी लहान असेल, तर ते सर्रास फसवते आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत मला सर्वाधिक वेळा दिसणारी चूक हीच आहे. पार्श्वभूमी १ घटनेची अपेक्षित असून ६ मिळाल्या, तर जादा ५ घटनांना १ च्या वर्गमुळाने भागून '५ सिग्मा, शोध लागला' असे लिहून मोकळे होता येते. परंतु सरासरी १ असताना ६ किंवा अधिक घटना मिळण्याची प्वासाँ संभाव्यता ०.०००५९, म्हणजे सुमारे १,७०० मध्ये १ आहे. सिग्मामध्ये ती ३.२ होते. प्वासाँ वितरणाची उजवी शेपूट सामान्य वितरणापेक्षा जाड असते, त्याचा हा परिणाम. संगणक हाताशी असताना थेट प्वासाँ बेरीज करावी. प्रयोगाच्या नियोजनासाठी झटपट सूत्रच हवे असेल, तर संकेत आणि पार्श्वभूमी यांच्या बेरजेला, 'एक अधिक संकेत भागिले पार्श्वभूमी' या संख्येच्या नैसर्गिक लॉगने गुणावे, त्यातून संकेत वजा करावा, दुप्पट करावी आणि वर्गमूळ काढावे. वरील उदाहरणात त्याचे उत्तर ३.४ येते, जे खऱ्या उत्तराच्या पुष्कळच जवळ आहे.

११. पार्श्वभूमी ३ घटनांची अपेक्षित होती आणि मिळाल्या शून्य. संकेताची मर्यादा ऋण येते, ती तशीच लिहायची का?

साध्या पद्धतीने ९० टक्के मर्यादा २.३ वजा ३, म्हणजे उणे ०.७ येते. गणित चुकलेले नाही. दहांतल्या एका वेळी चुकण्याची मुभा पद्धतीला दिलेली आहे आणि ही तीच वेळ आहे, हे उघड दिसते. तरीही असे उत्तर छापणे कोणालाच रुचत नाही, म्हणून दोन उपाय रूढ झाले.

सर्नच्या जुन्या लेप त्वरकावर हिग्जचा मागोवा घेताना रुळलेली सीएलएस पद्धत, संकेतासह मिळणाऱ्या संभाव्यतेला केवळ पार्श्वभूमीच्या संभाव्यतेने भागते. शून्य घटनांसाठी पार्श्वभूमी या भागाकारात कटून जाते आणि मर्यादा २.३ च राहते. फेल्डमन आणि कझिन्स यांची १९९८ ची पद्धत घटनांच्या संभाव्य संख्यांचा क्रम लाइकलिहुडच्या (संकेताचे एखादे मूल्य खरे धरल्यास तेवढी विदा मिळण्याच्या संभाव्यतेच्या) गुणोत्तरावरून लावते आणि या उदाहरणात १.०८ ही मर्यादा देते. तिचा मोठा फायदा असा की मर्यादा सांगायची की दोन्ही बाजूंचा अंतराल, हे विदा पाहून ठरवण्याचा मोह ती काढून घेते. मात्र अधिक पार्श्वभूमी असलेल्या, म्हणजे कमी दर्जाच्या प्रयोगाला शून्य घटनांवर अधिक कडक मर्यादा मिळते, हे तिच्यातील विचित्र वाटणारे वळण आहे. म्हणून मर्यादेसोबत प्रयोगाची अपेक्षित मर्यादाही (केवळ पार्श्वभूमी असताना साधारणपणे मिळेल ती) छापावी. नशिबाचा वाटा किती, ते वाचकाला लगेच कळते.

१२. वारंवारितावादी पद्धत वापरावी की बेजची?

दोन्ही शिकाव्यात आणि कोणती वापरली ते स्पष्ट लिहावे. वारंवारितावादी अंतराल 'हा प्रयोग अनेकदा केला तर ९५ टक्के वेळा अंतराल खऱ्या मूल्याला झाकेल' अशी हमी पद्धतीविषयी देतो, समोरच्या एका अंतरालाविषयी देत नाही. बेजची पद्धत थेट मूल्याविषयी बोलते, परंतु पूर्वसंभाव्यता मागते. ती 'सपाट' घेतली म्हणजे तटस्थ झाली, असे समजू नये, कारण वस्तुमानात सपाट असलेली पूर्वसंभाव्यता वस्तुमानाच्या वर्गात सपाट राहत नाही.

१३. आलेख जुळवताना काय-वर्ग वापरावा की लाइकलिहुड?

कप्प्यांत थोड्याच घटना असतील, तर लाइकलिहुड. काय-वर्ग म्हणजे प्रत्येक कप्प्यातील मोजणी आणि वक्र यांच्या फरकाला त्रुटीने भागून केलेल्या वर्गांची बेरीज. काय-वर्गात मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ त्रुटी म्हणून घातले, तर योगायोगाने कमी भरलेल्या कप्प्यांची त्रुटी लहान होते, त्यांचे वजन वाढते आणि वक्र खाली ओढला जातो. एकूण घटना काय-वर्गाच्या मूल्याइतक्या कमी येतात. ५० कप्प्यांचा चांगला जुळलेला आलेख सुमारे ५० घटना गिळतो.

लाइकलिहुडच्या गुणोत्तरावरून सिग्मा काढताना १९३८ चे विल्क्स यांचे प्रमेय वापरतात. संकेत ऋण असू शकत नाही अशी सीमा असेल, किंवा संकेत शून्य असताना त्याच्या वस्तुमानाला अर्थच उरत नसेल, तर त्या प्रमेयाच्या अटी मोडतात. दुसरी अडचण म्हणजे प्रश्न ८ चेच गणिती रूप होय.

१४. विदा 'झाकून' विश्लेषण करतात, म्हणजे काय करतात?

निवडीचे सर्व निकष ठरेपर्यंत निर्णायक भाग किंवा निर्णायक आकडा स्वतःपासून लपवून ठेवतात. म्युऑनचे चुंबकत्व मोजणाऱ्या फर्मीलॅबच्या म्युऑन जी-२ प्रयोगात, ज्यावरून उत्तर काढायचे त्या घड्याळाची नेमकी वारंवारिता प्रयोगाबाहेरच्या दोन व्यक्तींनाच ठाऊक होती. विश्लेषण पूर्ण झाल्यावर २०२१ मध्ये तो आकडा उघडला गेला, तेव्हाच सर्वांना उत्तर कळले. उत्तर 'योग्य' दिसू लागले की चुका शोधणे थांबवायचे, या मानवी सवयीवर हा उपाय आहे. विद्यार्थी-प्रकल्पातही तो फुकट करता येतो: मित्राला वस्तुमानाच्या अक्षात एक गुप्त संख्या मिळवून ठेवायला सांगावे.

१५. दोन प्रयोगांची उत्तरे जुळत नसतील, तर भारित सरासरी घ्यावी का?

आधी ती किती विसंगत आहेत, ते पाहावे. डब्ल्यू बोसॉनचे वस्तुमान २०२२ मध्ये फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने ८०,४३३.५ अधिक-उणे ९.४ एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) सांगितले, तर २०२४ मध्ये सीएमएसने ८०,३६०.२ अधिक-उणे ९.९. सामाईक त्रुटी दुर्लक्षिल्या, तर हा फरक ५ सिग्माहून अधिक आहे. आंधळेपणाने सरासरी काढली, तर सुमारे ८०,३९९ अधिक-उणे ७ येते. दोघांपैकी कोणीही मोजलेले नाही असे मूल्य आणि त्यावर दोघांपेक्षाही लहान त्रुटी! कणांच्या गुणधर्मांचे कोष्टक छापणारा पार्टिकल डेटा ग्रुप अशा वेळी, काय-वर्गाला प्रयोगसंख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येने भागून त्याच्या वर्गमुळाने त्रुटी फुगवतो. येथे ती सुमारे ३७ होईल. तो उपाय प्रामाणिक आहे, पण ती केवळ मलमपट्टी. दोन प्रयोगांपैकी एकाचे काहीतरी चुकले असेल, तर ते कोणतीही सरासरी शोधून देणार नाही.

१६. महाविद्यालयातील आमच्या म्युऑन गणकाची रोजची मोजणी वर्गमुळापेक्षा जास्त का बदलते?

बहुधा प्रश्न २ मधील 'दर स्थिर असेल तर' ही अट मोडते आहे. हवेचा दाब वाढला की डोक्यावरच्या वातावरणाचे वस्तुमान वाढते आणि जमिनीवर पोहोचणारे म्युऑन घटतात. प्रत्येक हेक्टोपास्कलमागे हा परिणाम साधारण ०.१ ते ०.२ टक्के असतो. कोकण किनाऱ्यावर जानेवारी आणि ऐन पावसाळा यांतील सरासरी दाबात १० हेक्टोपास्कलच्या आसपास फरक पडतो, म्हणजे मोजणीत एक-दोन टक्क्यांचा. दिवसाला लाखभर म्युऑन मोजणाऱ्या गणकाची प्वासाँ त्रुटी ०.३ टक्के असल्याने हा बदल सहज उठून दिसतो. दाबाची नोंद ठेवून दुरुस्ती करावी, आणि त्यानंतरही विखुरणे जास्तच राहिले, तर उच्चदाब पुरवठ्याकडे आणि खोलीच्या तापमानाकडे पाहावे. विखुरणे वर्गमुळापेक्षा कमी आले, तर मात्र एका घटनेनंतर गणक काही काळ 'मृत' राहतो आहे का, किंवा नोंदवहीत कोणी आकडे 'सुधारले' आहेत का, हे तपासावे.